मागाचं लुगडं

आमच्या कशेडीच्या घरात माजघराच्या कोपऱ्यात एक घडवंची आहे. तिच्यावर दिवसा गोधड्यांची चळत असते आणि रात्री ती चळत घरभर पसरते. गणपतीत चाकरमानी आले की घडवंची पार उघडी पडते. पण अगदी तळाची एक गोधडी आमच्यापैकी कधी कोणाच्या अंगावर आली नाही. ती आजीची. आजी २०११ साली गेली. तिचं अंथरूण रीतीप्रमाणे नदीकाठी गेलं. ही गोधडी मात्र घरात राहिली, कारण आजीने ती जन्मात कधी पांघरली नव्हती.

आजी तिला सवत म्हणायची. ‘ती माझी सवत हाय, तिला हात लावू नका.’ सवत म्हणजे काय हे आम्हा पोरांना कळत नव्हतं. ते त्या गोधडीचं नाव असावं असं मला वाटायचं. शेजारच्या घरी जाऊन ‘तुमच्या गोधडीचं नाव काय’ असं मी एकदा विचारून आले होते, ते तिथे अजून आठवण काढून हसतात.

गेल्या वैशाखात घराची शाकारणी काढली. कौलं उतरली, वाशांवरची काजळी खाली आली, आणि सामान ओटीवर काढताना कळलं की सवतीच्या पोटात उंदरांनी संसार मांडलाय. आत्याने ती अंगणात नेऊन झटकली, कुरतडलेला कोपरा उन्हात धरून पाहिला आणि निकाल दिला, “उसवू या. धड हाय ते ठेवू, बाकीचं पोतेऱ्याला.”

मी मुंबईहून चार दिवसांसाठी गेले होते. आत्या अठ्ठ्याहत्तरची, काका तिच्यापेक्षा चार वर्षांनी धाकटे. घरात आता ही दोघंच. घाटातून रात्रभर येणारा ट्रकच्या गिअरचा आवाज हल्ली कमी झालाय. २०२३च्या गणपतीच्या तोंडावर बोगद्याची एक बाजू सुरू झाली, तेव्हापासून बऱ्याच गाड्या डोंगराच्या पोटातूनच रत्नागिरी जिल्ह्यात उतरतात. सगळे म्हणतात बरं झालं. आत्या म्हणते, आवाज नसला की तिला झोप लागत नाही.

उसवणं हे शिवण्यापेक्षा सावकाशीचं काम आहे. कातरीने भराभर कापता येत नाही, कापड दुखावतं. तिसरा-चौथा टाका कापायचा आणि दोरा ओढून घ्यायचा. आत्या दोराही टाकत नव्हती, बोटाला गुंडाळत होती. आमच्याकडच्या गोधडीला कडेकडेने धावदोरा घालत जातात, एक फेरा पुरा झाला की दोन बोटं आत सरकून दुसरा, असं करत चौकटीत चौकट बसत मध्यावर येऊन संपतं. समोरासमोर दोघी बसल्या तर दोघींचे टाके ओळखू येतात. आत्याने एका फेऱ्यावर बोट ठेवलं, “हे आईचे.” मग शेजारच्या फेऱ्यावर, “हे थोरल्या काकीचे. बघ, कशी पळत सुटलीय. चुलीवर काहीतरी ठेवून आली असणार.” साठ वर्षांपूर्वीची घाई तिथे दोऱ्यात तशीच होती.

गोधडी शिवायचा हंगाम ठरलेला. शिमगा झाला, राब भाजून झाले की आगोटीची कामं अंगावर येईपर्यंत दुपारचे दोन तास बायकांच्या हाती लागत. ओटी सारवून कोरडी करायची, खालचं कापड पसरायचं, चार कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, हाताला लागेल ते वजन. मग आतली भर, मग वरचं कापड. सुरकुती राहिली तर ती जन्मभर राहते, म्हणून हाताने चापून चापून बसवायचं. पाऊस लागायच्या आत गोधड्या शिवून, धुऊन, खडखडीत वाळवून घडवंचीवर गेल्याच पाहिजेत. आमच्याकडे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आषाढात भिजलेली गोधडी भाद्रपदापर्यंत वाळत नाही. चुलीवरच्या माच्यावर टाकली तर धुराचा वास घेऊन वाळते, आणि तो वास मला आजही इतका ओळखीचा आहे की लोणावळ्याच्या एका हॉटेलात शेकोटीपाशी बसून मला एकदम झोप आली होती.

नऊ वारांचा हिशेब आजीने मला शिकवला, पाढ्यांच्या आधी. लुगड्याचे चार तुकडे करायचे, एक तुकडा सव्वादोन वारांचा. दोन तुकडे लांबीला लांबी जोडले की वरची बाजू, उरलेल्या दोनांची खालची. म्हणजे एका लुगड्यात गोधडीचं सगळं बाहेरचं अंग निघतं. पण हा हिशेब कागदावरचा. धड लुगडं गोधडीला कोण देणार? नवं लुगडं आधी सणाला, मग रोजच्याला. बसून बसून ते मध्ये विरलं की विरलेला भाग कापून काढायचा आणि राहिलेले दोन तुकडे जोडायचे, त्याला दंड घालणं म्हणतात. दंडाचं लुगडं आणखी वर्षभर जाई. मग त्याचं पोराला दुपटं, चोळीला अस्तर, आणि उरलं तर गोधडी. गोधडी फाटली की पायपुसणं, मग पोतेरं, आणि अगदी शेवटी तेलात बुडवून काकडा. तान्ह्या बाळाला तर नवं कापड लावतच नसत. चार वर्षं धुऊन धुऊन खळ गेलेलं, लोण्यासारखं झालेलं सुतीच पाहिजे. घरात बाळंतपण असलं की वाडीभरातून जुनी लुगडी मागून आणत.

त्यामुळे गोधडी ‘शिवायला घेतली’ असं नुसतं म्हणून चालत नसे. भर साठायला दोन-दोन वर्षं लागत. कापड महाग होतं आणि बाईचा वेळ फुकट होता, या दोन गोष्टींवर गोधडी उभी होती. मुंबईत प्रदर्शनात चार-पाच हजारांची गोधडी घेताना लोक मायेची ऊब वगैरे बोलतात तेव्हा मला आजीच्या उजव्या हाताचं बोट आठवतं. अंगुस्तान तिच्याकडे नव्हतं. सुई मागून ढकलून ढकलून बोटाचं टोक मधमाशीच्या पोळ्यासारखं झालं होतं. माया होतीच, नाही कशाला म्हणू. पण तिला विचारलं असतं तर तिने बाजारातली घोंगडी पसंत केली असती. ती घेण्यापुरते पैसे हातात नसत, एवढंच.

सवतीची गोष्ट अशी. आजोबा १९३८च्या सुमारास मुंबईला गेले, पंधरा-सोळा वर्षांचे असतील. दासगावच्या बंदरातून खाडीने, पुढे आगबोटीने, आणि भाऊच्या धक्क्यावर उतरून चालत लालबागला. गावकीची एक खोली होती, वीसेक माणसांची. तिन्ही पाळ्यांची माणसं तिथे राहायची, एक उठला की त्याच्या जागेवर दुसरा आडवा व्हायचा. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात, तिथे पाळी पाहून पसरावे लागत. प्रत्येकाची एक ट्रंक आणि एक वळकटी. लग्नानंतर काही वर्षांनी आजीने शिवलेली ही गोधडी वळकटीत बांधून गेली आणि १९७५ साली आजोबा गिरणीतून निवृत्त होऊन आले तेव्हा परत आली. मधे दर दोन-तीन वर्षांनी ते मे महिन्यात गावी यायचे तेव्हा तीही यायची, आणि फाटली असेल तिथे आजी वरून आणखी एक थर चढवायची. म्हणजे पंचवीस वर्षांत आजी नवऱ्यासोबत राहिली जेमतेम काही महिने, बाकीची सगळी वर्षं ही राहिली. सवत नाही तर काय!

या हिशेबाने सर्वांत वरचा थर सर्वांत नवा. तो आम्ही पहिल्या दुपारी काढला. गिरणीच्या साड्यांचे तुकडे होते, निळ्या-हिरव्या फुलांचे, आणि एका बाजूला भलंमोठं टेरीकॉटचं ठिगळ, विटकरी रंगाचं. काकांच्या पहिल्या पँटचं. ठिगळाला काही झालं नव्हतं, पण त्याच्या चारी बाजूंचं सुती कापड फाटून गेलं होतं. सुतावर सूत ठेवून शिवलं की वर्षा-दोन वर्षांत दोन्ही एकमेकांत बसतात, एकच कापड झाल्यासारखं. टेरीकॉट कोणात मिसळत नाही. घाम पीत नाही, पाणी पीत नाही, झिजतही नाही. साठ-सत्तरच्या दशकांत ते आलं तेव्हा बायका खूष झाल्या, कारण धुवायला सोपं आणि इस्त्री नको. गोधडीचं मरण त्यात होतं हे कोणाच्या लक्षात आलं नाही, आणि आलं असतं तरी कोणी टेरीकॉट सोडलं नसतं. मीही नाही.

त्याखाली फेंट निघाले. गिरणीत तागे कापताना उरलेले, डागाळलेले, विणीत चूक झालेले तुकडे गिरणीच्या दुकानात वजनावर मिळत, त्यांना फेंट म्हणायचे. आजोबा गावी येताना ट्रंकेत ते भरून आणायचे. पट्टेरी लेंग्याचं कापड, जाड मांजरपाट, एका तुकड्यावर तर अर्धवट छापलेली कैरी. काका त्या तुकड्यांवरून हात फिरवत बसले. ते स्वतः १९७१ साली आजोबांच्या बदल्यांतून गिरणीत लागले, आजोबांच्याच साचेखात्यात, म्हणजे यंत्रमागांच्या विणकाम खात्यात. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला तेव्हा तिशीचे होते. अडीच लाख गिरणी कामगारांचा तो संप रीतसर कोणी मागे घेतलाच नाही, म्हणून काका अजून म्हणतात की ते संपावर आहेत. त्यांची वळकटी त्या वर्षीच्या शिमग्याला गावी आली ती पुन्हा गेली नाही.

तिसऱ्या थरात खाकी. जाड, करकरीत, सुई मोडेल असं कापड. ते आजीच्या भावाचं, तो लामावर, म्हणजे लढाईवर, गेला होता. आमच्या महाड-पोलादपुरात फौजेत जाणं नवं नाही. महाड तालुक्यातल्या एका गावाचं नावच फौजी आंबवडे आहे. आजीचा भाऊ परत आला, पण कुठल्या देशात जाऊन आला हे त्याला कधी नीट सांगता आलं नाही. ‘वाळू होती’ एवढंच सांगायचा. घरातल्या म्हाताऱ्यांकडून मी इतिहास ऐकला तो असा, वाळू होती, बोट हलत होती, डाळ कच्ची होती. सन-महिने नंतर मी बसवले. कोयनेच्या भूकंपाचंही तसंच. ११ डिसेंबर १९६७, पहाटे सव्वाचारनंतरची वेळ, हे मी वाचलेलं. आत्याला आठवतं ते खळ्यावर झोपणं. भांडी पडली, सगळे बाहेर पळाले, आणि मग कित्येक रात्री घरात जायची छाती होईना. थंडीचे दिवस. घरातल्या सगळ्या गोधड्या खळ्यावर आल्या आणि दवाने ओल्या झाल्या. “तेव्हा कळलं कोणाच्या घरी किती गोधड्या ते,” आत्या म्हणाली. “एरवी कोण कोणाच्या घडवंचीकडे बघतंय?”

दुसऱ्या दिवशी दुपारी बौद्धवाडीतल्या मावशी आल्या. त्यांच्या नातवाच्या लग्नाचं बोलावणं घेऊन आल्या होत्या, उसवण बघून ओटीवरच टेकल्या. आत्याने चहा ठेवला. आजीच्या तरुणपणी त्या, म्हणजे त्यांच्या सासूबाई, अंगणाच्या कडेला उभ्या राहिल्या असत्या. हे मला कोणी सांगितलेलं नाही, सांगायची गरज पडली नाही.

काका रंगात आले होते. आजोबांची साचेखात्यातली गोष्ट सांगत होते, ती मी शंभरदा ऐकलेली. धोट्यातली कांडी संपली की नवी भरायची आणि सुताचं टोक धोट्याच्या भोकातून बाहेर काढायचं ते तोंडाने. ओठ लावून श्वास आत ओढायचा, सूत टपकन बाहेर. दिवसातून किती वेळा तरी. त्यामुळे आजोबांच्या पोटात म्हणे कापसाची गिरणी झाली होती. आम्ही लहानपणी यावर फार हसायचो.

मावशी हसल्या नाहीत. चहाचा घोट घेऊन सहज म्हणाल्या, “त्याच्यापायीच तर आमच्या सासऱ्यांना साचेखात्यात घेतलं नाही. आमचा ओठ लागलेला धोटा तुमच्यातल्यांनी कसा चोखायचा? जन्म काढला त्यांनी त्रासनखात्यात.”

काका गप्प झाले. आत्या उगाच दोरा गुंडाळत राहिली. सूत कातायच्या त्रासनखात्यापेक्षा साचेखात्यात मजुरी जास्त होती, हे काका आदल्या दिवशीच अभिमानाने सांगून चुकले होते. मी पुढे वाचलं. मावशींचं म्हणणं खरं होतं, नव्हे, प्रसिद्ध होतं. १९२८च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात प्रवेश मिळावा हा प्रश्न लावून धरला होता. आमच्या घरात धोट्याची गोष्ट तीन पिढ्या सांगितली गेली, हसत-खेळत, आणि तिचा हा थर कधी वर आला नव्हता. आजोबांना तो माहीत नसणं शक्य नाही. खोलीतल्या वीसांपैकी प्रत्येकाला माहीत असणार.

मावशी मात्र तिथेच थांबल्या नाहीत, त्यांना पुढचं सांगायचं होतं. त्यांच्या आजेसासूबाई महाडला गेल्या होत्या, दुसऱ्या परिषदेला. चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७चा, आणि मनुस्मृती जाळली ती २५ डिसेंबरला. त्या डिसेंबरात बाबासाहेब पद्मावती बोटीने निघून दासगावला उतरले होते, म्हणजे पुढे आजोबा ज्या बंदरातून मुंबईला गेले तिथेच. परिषद झाल्यावर त्यांनी बायकांशी वेगळं भाषण केलं आणि लुगडं नेसायची रीत बदला असं सांगितलं. अस्पृश्य बायकांनी लुगडं गुडघ्यापर्यंत आखूड नेसावं, बघणाऱ्याला लांबून कळावं, अशी चाल होती. बायकांनी तिथेच लुगडी सोडून घोट्यापर्यंत नेसली. “तेच लुगडं, तेच नऊ वार,” मावशी म्हणाल्या. “फाटकंच होतं, पण खाली सोडलं.” आजेसासूबाई महाडहून तशीच नेसून डोंगर चढून घरी आल्या, आणि वाटेत प्रत्येक गावात लोक उभं राहून बघत होते. ही गोष्ट त्यांच्या घरात धोट्यासारखीच शंभरदा सांगितली जाते.

उठताना मावशींनी सवतीचे पसरलेले तुकडे न्याहाळले आणि म्हणाल्या, “चीवर असंच असतं.” विहारात त्यांनी ऐकलेली कथा अशी: भिक्खूंनी चीवर शिवायचं ते लोकांनी टाकलेल्या चिंध्या वेचून. ते कसं शिवायचं असा प्रश्न पडला तेव्हा बुद्धांनी आनंदाला मगधातली भातशेतं दाखवली, बांधांनी आखलेली, आणि म्हणाले, असं शिव. आनंदाने तुकडे खाचरांसारखे मांडले आणि मधल्या पट्ट्यांचे बांध घातले. विनयपिटकात ही कथा आहे. महाडला हायवेलगत पाले गावाच्या डोंगरात तीसेक लेणी कोरलेली आहेत, गांधारपाल्याची. सुमारे अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वी तिथे असं ठिगळांचं चीवर पांघरून पावसाळा काढणारी माणसं राहत होती. खाली सावित्री-गांधारीच्या काठची खाचरं. लेण्याच्या तोंडाशी बसून अंगावरच्या वस्त्राकडे आणि खालच्या शेताकडे आळीपाळीने बघत कोणी बसलं असेल का, हा विचार मी त्या रात्री बराच वेळ केला. हायवेवरून मी शेकडो वेळा गेलेय, लेण्यात एकदाही चढलेले नाही.

तिसऱ्या दिवशी सवतीचा गाभा उघडला.

या गाभ्याबद्दल घरात एक पक्की कथा होती. आत, पोटात, आजीचं लग्नाचं लुगडं आहे आणि ते मागाचं आहे. हातमागाचं, तांबड्या काठाचं, महाडच्या पेठेतून आणलेलं. गिरणीत साचे चालवणाऱ्याने बायकोला नेसवलं ते मात्र मागाचं, यात आम्हाला फार मोठी गंमत वाटायची. मी तर कॉलेजात असताना यावर एक निबंधही लिहिला होता, खादीबिदी घालून. बक्षीस मिळालं होतं.

लुगडं निघालं. रंग कोणता होता सांगता येऊ नये असा मळकट करडा, पण काठ तांबडाच. काकांनी तो उचलला, चष्मा कपाळावर सरकवला आणि काठ उन्हाकडे धरला. बराच वेळ. मग आत्याकडे न बघता म्हणाले, “हे मागाचं नाय. साच्याचं हाय.”

“तुला काय कळतं?”

“मला नाय कळणार तर कोणाला?” मग त्यांनी मला दाखवलं. चांगल्या हातमागाच्या लुगड्याचा काठ भरीव असतो, कारण काठाला धोटा वेगळा असतो. दोन काठांचे दोन, अंगाचा एक, असे तीन धोटे फिरतात, काठाचा आडवा धागा काठातून मागे वळतो आणि अंगाच्या धाग्यात अडकतो. म्हणून काठ उभाआडवा तांबडाच. गिरणीच्या त्या वेळच्या साच्यावर एकच धोटा या टोकापासून त्या टोकापर्यंत धावायचा. तांबड्या उभ्या धाग्यांतून अंगाचाच आडवा धागा जातो, मग काठाचा रंग फिका, मिसळलेला दिसतो. म्हणून तर गिरण्यांच्या रेट्यातही काठाच्या लुगड्यांचे माग तगले, जिथे तीन धोट्यांचं काम होतं तिथे गिरणीला ते परवडत नव्हतं. “आणि ठोक बघ,” काका म्हणाले. “एका ओळीचा ठोक दुसऱ्यासारखा. माणूस विणतो तेव्हा सकाळचा ठोक वेगळा, जेवण झाल्यावरचा वेगळा. हे यंत्र हाय. जेवत नाय.”

म्हणजे आजी खोटं बोलली? मला वाईट वाटलं ते माझ्या निबंधाचं अधिक. आजीचं लग्न कंट्रोलातलं, १९४५च्या आगेमागे. लढाईत गिरण्यांचं कापड फौजेकडे वळलं होतं, भाव चढले होते. १९४३च्या जूनमध्ये सरकारने सूत-कापडावर नियंत्रणाचा हुकूम काढला, मग कार्डावर कापड, रांगा, काळाबाजार. लढाई संपली तरी हे संपलं नाही. १९४८ साली कंट्रोल काही महिने उठला आणि पुन्हा बसला. त्या दिवसांत लग्नघरी लुगडं मिळवणं हे नवरी मिळवण्यापेक्षा कठीण होतं, असं सगळे म्हातारे सांगतात.

आत्या हसायला लागली. हसता हसता तिने पदर तोंडाला लावला. “आई मागाचं कधी म्हणालीच नव्हती,” ती म्हणाली. “ती म्हणायची, माझं लगीन मागल्या लुगड्यात झालं.”

मागलं, म्हणजे मागितलेलं. उसनं आणलेलं. लग्नाला लुगडं नव्हतं म्हणून कोणाच्या तरी घरून ते मागून आणलं आणि पूजा आटोपल्यावर तिसऱ्या दिवशी धुऊन, घडी करून परत दिलं. ते मागाचं होतं का साच्याचं, कोणाला ठाऊक! मग आजोबांनी मुंबईत कार्डावर मिळालेलं एक लुगडं धाडलं, ते हे. आजी याच्याबद्दल म्हणायची, ‘ते माझं पहिलं लुगडं.’ तिने दोन वेगवेगळी वाक्यं सांगितली होती, दोन्ही खरी. त्यांना दंड आम्ही पोरांनी घातला. मागल्याचं मागाचं केलं आणि पहिल्याचं लग्नाचं.

“कोणाचं होतं गं ते, मागून आणलेलं?” काकांनी विचारलं.

“ते तिने नाय सांगितलं. देणारणीने बोलून दाखवलं असतं तर आपल्याला कळलं असतं. नाय बोलली कधी. म्हणून आईपण नाय बोलली.”

चौथ्या दिवशी आत्याने नवी मांडणी केली. आजीचं पहिलं लुगडं होतं तिथेच, मध्ये. त्यावर फेंटांतले धड तुकडे. खाकी एकदम शाबूत निघालं होतं, ते खालच्या बाजूला. काकांचं टेरीकॉटचं ठिगळ तिने पायपुसण्यालाही नको म्हणून बाजूला टाकलं. काकांनी ते मुकाट्याने उचलून आपल्या ट्रंकेत ठेवलेलं मी पाहिलं. वरच्या अंगाला कापड कमी पडत होतं. घरात शोधाशोध केली, पण आता घरात सुती निघतं कुठे? आत्याच्या साड्याही सगळ्या सिंथेटिक. मावशींकडून एक जुनं सुती धोतर आलं, त्यांच्या सासऱ्यांचं, मऊसूत. ते पुरलं नाही.

माझ्या बॅगेत एक साडी होती. मुंबईत हातमागाच्या प्रदर्शनात घेतलेली, सुती, तांबड्या भरीव काठाची, साडेचार हजारांची. दोनदा नेसले असेन. काकांनी काठ उन्हाकडे धरून ती पास केली होती, “ही मागाची. तीन धोट्यांची.” मला वाटलं, यापेक्षा चांगली जागा तिला कुठली मिळणार. मी घडी मोडून आत्यापुढे पसरली.

आत्याने काठावरून हात फिरवला, कापड दोन बोटांत चुरडून पाहिलं, पुन्हा नीट घडी घातली आणि माझ्या बॅगेत ठेवली.

“ही अजून धड हाय,” ती म्हणाली. “नेस चार वर्षं. फाटली की घेऊन ये.”